झाडीपट्टी रंगभूमी : टाळ्या रात्रभर, पण पंधरा वर्षांचा पुरावा आणायचा कुठून?

होळी आटोपली की झाडीपट्टीतल्या गावोगावचे नाटकांचे फ्लेक्स उतरतात. कापड मजबूत असतं, फेकून कोण देणार? कुणाच्या तणसाच्या ढिगावर, कुणाच्या गोठ्याच्या छपरावर ते चढतं. नायक, खलनायक, विनोदी नट, लावणी सादर करणारी कलावंत असे सगळे चेहरे मग पावसाळाभर तिथेच भिजत राहतात.

गावाच्या दृष्टीने तो जुना फ्लेक्स. पण त्यावर ज्याचं नाव छापलं आहे, त्या कलावंतासाठी तो पुरावा असतो. अमुक तारखेला, अमुक गावात, अमुक नाटकात आपण काम केलं, हे सांगणारा अनेकदा तेवढाच एक छापील कागद. पन्नाशी ओलांडल्यावर शासनाच्या मानधनासाठी अर्ज करायची वेळ येते आणि किमान पंधरा वर्षांच्या कलासेवेचे पुरावे जोडा म्हणून सांगितलं जातं, तेव्हा हा फ्लेक्स आठवतो. तोवर तो फाटून गेलेला असतो.

झाडीपट्टी रंगभूमीचं कौतुक आता कमी राहिलेलं नाही. पुरस्कार मिळाले, सिनेमा आला, मोठ्या शहरांतले अभ्यासक येऊन गेले. अनुदानाशिवाय चालणारी रंगभूमी म्हणून तिचं नाव घेतलं जातं, आणि ते खरंही आहे. प्रश्न कौतुकाचा नाहीच. ज्यांच्या जिवावर ही रंगभूमी उभी आहे त्या नट, गायक, वादक आणि पदं लिहिणाऱ्या कवींचं नाव शासनाच्या दप्तरात शिरावं कसं, हा प्रश्न आहे.

पैसा गावाचा, जोखीम कलावंताची

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचा धानपट्टा म्हणजे झाडीपट्टी. नाटकांचं मुख्य केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. दिवाळीच्या सुमारास इथल्या रस्त्यांवर नाट्य कंपन्यांची कार्यालयं थाटली जातात. बाहेर पोस्टर लावलेले, आत तारखांची वही. गावोगावची मंडळं येतात, पोस्टर बघतात, यंदा कोणता नट कुठल्या कंपनीत आहे याची चौकशी करतात आणि अ‍ॅडव्हान्स देऊन तारीख पक्की करतात. वडशाला रेल्वे असल्यामुळे बाहेरगावच्या कलावंतांनाही हे ठिकाण सोयीचं पडलं.

हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. धान कापून झालेलं असतं, हातात चार पैसे असतात, मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने पाहुणे गावात आलेले असतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. कंपनीला ठरलेली रक्कम गावाचं मंडळ देतं, तिकिटं मंडळ विकतं, उरलेल्या पैशातून एखादं गावकाम होतं. म्हणजे या रंगभूमीचा निर्माता एका अर्थी गावच असतो.

ही रचना फार चिवट आहे. टीव्ही आला, मोबाईल आला, तरी ती टिकली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट बंद झाले आणि दिवसाची गर्दी गेली, तरी रात्रीचं नाटक चालूच राहिलं. पुढे राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शंकरपट कायद्यात बसावा म्हणून राज्य शासन दिल्लीपर्यंत लढलं. त्याच शंकरपटाच्या रात्री रंगमंचावर उभा राहणारा माणूस मात्र कोणत्या कायद्यात बसतो, हे अजून कुणी नीट विचारलेलं नाही.

कलावंताला पैसे मिळतात ते नाइटच्या हिशेबाने. जितक्या नाइट, तितके पैसे. अवकाळी पाऊस आला आणि खेळ रद्द झाला, घसा बसला, ताप आला, घरी मयत झाली, तर ती नाइट गेली. होळीनंतर कुणी मोहफुलं वेचायला जातं, कुणी तेंदूपानाच्या फडीवर, कुणी दुसऱ्याच्या शेतात, कुणी गाड्या चालवतं. पुढच्या दिवाळीपर्यंत रंगभूमीकडून त्याला काही येणं नसतं.

याचा सर्वांत मोठा फटका कोरोनात बसला. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि पुढचा हंगामही जवळपास वाया गेला. राज्य शासनाने २०२१ मध्ये ५६ हजार एकल कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये एकरकमी देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे २८ कोटी रुपये. रक्कम लहान म्हणा की मोठी, तिथेही पहिला प्रश्न तोच होता. तुम्ही कलावंत आहात, हे दाखवणारा कागद कुठे आहे?

योजना चांगली, पण दार अरुंद

ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना जुनी, १९५४-५५ पासूनची. पूर्वी तिच्यात अ, ब आणि क असे वर्ग होते. राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला महिन्याला ३,१५० रुपये, राज्य पातळीच्या कलावंताला २,७०० आणि स्थानिक पातळीच्या कलावंताला २,२५०. झाडीपट्टीचा नट हजारो लोकांसमोर उभा राहत असला, तरी या मोजपट्टीवर तो बहुतेक वेळा 'स्थानिक'च ठरणार.

मार्च २०२४ मध्ये शासनाने हे वर्ग काढून टाकले. योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि सगळ्यांना सरसकट दरमहा ५ हजार रुपये मानधन लागू केलं. क वर्गातल्या कलावंतासाठी ही रक्कम दुपटीहून जास्त झाली. हा निर्णय चांगला होता, त्याबद्दल दुमत नाही.

आता अटी बघा. वय ५० पूर्ण, दिव्यांगांसाठी ४०. कला किंवा साहित्य क्षेत्रात किमान १५ वर्षांचं काम. सर्व मार्गांनी मिळून वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत. आणि एका जिल्ह्यातून वर्षाला १०० लाभार्थी.

शेवटचा आकडा आधी घेऊ. गडचिरोलीत १२ तालुके, चंद्रपुरात १५, भंडाऱ्यात ७, गोंदियात ८. मिळून ४२ तालुके आणि वर्षाला ४०० जागा. तालुक्याच्या वाट्याला नऊ किंवा दहा. यात फक्त नाटकवाले नसतात. दंडार करणारे, खडीगंमतीचे शाहीर, भजनी, कीर्तनकार, गोंधळी, भारूडवाले, लेखक, कवी असे सगळेच त्याच रांगेत उभे असतात. ज्या पट्ट्यात गावागावात कला आहे तिथेही १०० आणि जिथे ती तुरळक आहे तिथेही १००, असा हा सरळ हिशेब आहे.

दुसरी अट उत्पन्नाची. वर्षाला ६० हजार म्हणजे महिन्याला ५ हजार. दोन एकर धान, हंगामातल्या नाइट आणि उन्हाळ्यातली मजुरी हे सगळं धरलं, तर दाखल्यावर काय आकडा येईल हे तलाठी कार्यालयावर अवलंबून. शिवाय कलेवरच पोट असलेला कलावंत ही या योजनेची मूळ कल्पना आहे. झाडीपट्टीत निव्वळ कलेवर जगणारा माणूस शोधावा लागेल. इथला कलावंत आधी शेतकरी किंवा शेतमजूर असतो, नट नंतर. त्यामुळे तो कमी कलावंत ठरतो का?

आणि तिसरी अट पुराव्याची. ती सर्वांत अवघड. हंगामात साठच नाइट धरल्या, तरी पंधरा वर्षांत नऊशे प्रयोग होतात. नऊशे रात्री माणूस लोकांसमोर उभा राहिला, शिट्ट्या-टाळ्या घेतल्या, आणि अर्ज भरताना त्याच्याकडे दोन पिवळी पडलेली कात्रणं आणि एखादं सन्मानपत्र निघतं. त्यातून आता अर्ज ऑनलाइन. स्कॅन करायला मुळात कागद हातात असावा लागतो.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या सुमारे ८०० नाटकांचा आणि ५ हजारांहून अधिक प्रयोगांचा उल्लेख झाला. सगळ्या झाडीपट्टीला तो आपलाच सन्मान वाटला. पण पद्म पुरस्कारासोबत रोख रक्कम नसते, आणि असे खुणे एकच. त्यांच्यासोबत त्याच प्रयोगांत उभे राहिलेले इतर नट, ऑर्गन आणि तबला वाजवणारे, विंगेतून संवाद पुरवणारा प्रॉम्प्टर, पडदे बांधणारे कामगार यांचे प्रयोग मोजले कुणी?

पद कुणी बांधलं?

नटाचं नाव निदान फ्लेक्सवर असतं. कवीची गत त्याहून वाईट.

झाडीपट्टीचं नाटक गाण्याशिवाय होत नाही. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात वादक बसतात. प्रसंग आला की पद सुरू होतं, ते आवडलं की वन्स मोअर. ही गाण्याची खोड आली ती दंडार आणि खडीगंमतीतून. खडीगंमतीत शाहीर उभ्याने गातो, सवाल-जवाब करतो, समोरच्या फडाला अडवण्यासाठी जागेवर कडवं रचतो. नाटक आलं तेव्हा हे कवी कुठे गेले नाहीत. ते नाटकात शिरले.

काहींचं नाव झालं. 'घायाळ पाखरा'चे अनिरुद्ध वनकर लेखक म्हणून आणि गायक म्हणूनही गावोगावी ओळखले जातात. नवरगावचे सदानंद बोरकर यांनी नाटककार म्हणून आपला प्रेक्षक तयार केला. पण कंपनीत राहून दर हंगामाला नव्या नाटकासाठी सहा-सात पदं बांधणारा, चाल लावणारा, तालमीत ती नटीकडून बसवून घेणारा माणूस? पद लोकांच्या तोंडी बसतं आणि ते 'अमुक नाटकातलं' म्हणून ओळखलं जातं. लिहिणाऱ्याचं नाव वहीत राहतं आणि वही पेटीत.

यात एक विसंगती आहे. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यामुळे नाटककाराचं नाव एका तरी सरकारी कागदावर येतं. आतल्या पदांचा कवी वेगळा असेल, तर त्याचं नाव संहितेत कुणी आवर्जून लिहिलं तरच येणार.

दुसरी विसंगती कवी-कवींमधली. डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडीबोलीची चळवळ उभी केली. झाडीबोली साहित्य मंडळ स्थापन झालं, संमेलनं भरू लागली, बोलीत कविता छापून येऊ लागल्या. ण, ळ, श नसलेली ही बोली लिहायला लाज वाटू नये, एवढं बळ या चळवळीने दिलं. त्याचा फायदा असा की या कवींकडे आज पुस्तक आहे, संमेलनाची निमंत्रणपत्रिका आहे, प्रमाणपत्र आहे. त्याच बोलीत विनोदी पात्राच्या तोंडी गाणं घालून हजारो लोकांना हसवणाऱ्या कवीकडे यातलं काहीच नाही. एक कवी साहित्यिक म्हणून अर्ज करू शकतो. दुसरा साहित्यिक की कलावंत, इथेच अडकतो.

कायदा मात्र कवीच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. गाणं लिहिलं की हक्क तयार होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. म्हणजे 'पदं एकदा दिली, आता ती कायमची कंपनीची' ही समजूत तोंडी व्यवहारावर टिकत नाही. गाणाऱ्या आणि अभिनय करणाऱ्या कलावंतालाही आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहे. ते रेकॉर्ड करण्यासाठी त्याची संमती लागते, आणि तो हक्क पन्नास वर्षांचा असतो.

याची आठवण ठेवण्याचं कारण यूट्यूब. पूर्वी पद गावात वाजायचं आणि हवेत विरायचं. आता ते मोबाईलमध्ये पकडलं जातं आणि रात्रीतून चॅनलवर चढतं. व्ह्यूज वाढतात, चॅनलवाल्याला पैसे मिळतात. कवीला, गायिकेला, ऑर्गनवाल्याला काय मिळतं? अनेकदा तर नावही नाही.

उचलीची वही

कलावंताचं नाव नेमानं लिहिलं जातं अशी एक वही मात्र असते. ती उचलीची. पावसाळ्यात पेरणीला, मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला कलावंत कंपनीकडून पैसे उचलतो आणि हंगामात नाइटमधून फेडतो. अडीअडचणीला हाच आधार असतो, म्हणून उचलीला नुसतं वाईट म्हणून चालणार नाही. पण त्या वहीत कलावंत किती देणं लागतो हे असतं. त्याने किती रात्री काम केलं हे त्याच्याजवळ राहील अशा कुठल्याही कागदावर नसतं.

हंगामातला प्रवासही लक्षात घ्यावा लागेल. पहाटे नाटक सुटतं, मेकअप पुसत सगळे गाडीत बसतात आणि जागरण झालेला ड्रायव्हर थंडीच्या धुक्यात जंगलातल्या रस्त्याने गाडी काढतो. दुसऱ्या रात्री दुसरं गाव. अपघात झाला तर मदत फेरी निघते, मंडळं पैसे जमवतात. झाडीपट्टी माणुसकीत कमी पडत नाही. पण मदत फेरी म्हणजे विमा नव्हे.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. हप्ता बँक खात्यातून मे अखेरीस कापला जातो. हे दिवस हंगाम संपल्यानंतरचे, खातं रिकामं असण्याचे. खात्यात २० रुपये नसले तर संरक्षण तुटतं, आणि दिवाळीला तोच माणूस पुन्हा गाडीत बसतो. असंघटित कामगारांसाठी २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू आहे, वयोमर्यादा १६ ते ५९. रोजंदारीवर काम करणारा नट किंवा वादक शेतमजूर म्हणून तिथे नाव घालू शकतो. कलावंत म्हणून घालावं, हे त्याला सांगणारं कुणी नसतं.

कंपन्यांचीही बाजू आहे

या सगळ्याचा दोष कंपनीमालकांच्या माथी मारणं सोपं आहे, पण ते अर्धसत्य होईल. कंपनीचा मालक बहुतेक वेळा स्वतः नटच असतो. पडदे, लाइट, साउंड, गाडी, डिझेल, जेवण सगळं त्यालाच बघावं लागतं. गावाकडून पूर्ण पैसे येतीलच याची खात्री नसते. पाऊस पडला की मंडळ हात वर करतं. उचल घेतलेला नट ऐन हंगामात दुसऱ्या कंपनीत गेल्याच्या तक्रारी मालकांच्याही असतात. त्यातून 'कागद केला की कर लागेल, कामगार कायदा लागेल' ही भीती.

पण नीट पाहिलं तर कागद मालकाच्याही कामाचा आहे. लेखी करार असेल तर नटालाही मधेच सोडून जाता येणार नाही. गावाशी लेखी ठरलं असेल तर पावसाचं नुकसान कुणी किती सोसायचं यावर पहाटे भांडण होणार नाही. आज तोंडी व्यवहार सगळ्यांना सोयीचा वाटतो, कारण हंगाम चांगला गेला तर कुणी विचारत नाही. वाईट गेला की सगळ्यात शेवटी उभा असलेला कलावंत भरतो.

एका पानाचा उपाय

यासाठी महामंडळ स्थापन होण्याची वाट बघायची गरज नाही. काही गोष्टी येत्या दिवाळीपासूनही होऊ शकतात.

पहिली गोष्ट ग्रामपंचायतीच्या हातातली. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी मंडळाने आणि ग्रामपंचायतीने मिळून एका पानाचा दाखला द्यावा. तारीख, गाव, नाटक, कंपनी, आणि खाली नट, गायक, वादक, कवी, प्रॉम्प्टर, पडदेवाले या सगळ्यांची नावं. शिक्का आणि सही. खर्च कागदाचा तेवढा. वर्षाला असे पाच दाखले जपले, तरी पंधरा वर्षांच्या पुराव्याचा प्रश्न पुढच्या पिढीसाठी उरणार नाही.

दुसरी गोष्ट जिल्हा प्रशासनाची. आज पन्नाशी-साठीत असलेल्यांना मागचे दाखले कुठून मिळणार? त्यांच्यासाठी निवड समितीने जुन्या मंडळांचे पदाधिकारी आणि सहकलावंत यांचं लेखी म्हणणं, जुने फोटो, जुनी पोस्टर हे एकत्रित पुरावा म्हणून धरावं. चार जिल्ह्यांसाठी १०० ची मर्यादा वाढवण्याची मागणी लोकप्रतिनिधींनी आकडेवारीसह मांडावी. आकडेवारी मात्र आधी गोळा करावी लागेल. वडशातल्या कंपन्यांनी आपापली यादी दिली, तर हे काम एका हंगामात होण्यासारखं आहे.

तिसरी कंपन्यांची. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक कलावंताशी एका पानाचा करार करावा. नाइटचा दर, उचल, आजारपण आणि रद्द प्रयोगाबाबत काय ठरलं ते त्यात लिहावं. करार करतानाच २० रुपयांचा विमा चालू आहे का हे तपासावं. आणि पोस्टरवर नाटककाराच्या नावाखाली 'पदं' असं लिहून कवीचं नाव छापावं. छपाईचा खर्च वाढणार नाही.

चौथी कलावंतांची स्वतःची. पोस्टर, हँडबिल, कात्रण यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. कवीने पदाच्या वहीवर तारीख आणि नाटकाचं नाव घालायचं. हे कुणी दुसरं करून देणार नाही.

'झॉलीवूड' हा झाडीपट्टीवरचा सिनेमा २०२२ मध्ये आला, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की महाराष्ट्राच्या या टोकाला एवढी मोठी रंगभूमी आहे. बाहेरच्यांना ती कळली, याचा आनंदच आहे. तहसील कार्यालयाच्या खिडकीला आणि जिल्ह्याच्या निवड समितीला ती अजून कळायची आहे.

दिवाळीत वडशाला पुन्हा गर्दी होईल. मंडळं तारखा घेतील, अ‍ॅडव्हान्स देतील. त्या वेळी तारखेच्या वहीशेजारी आणखी एक वही उघडली गेली, कोण कोण रंगमंचावर उभं राहणार याची, तरी सुरुवात होईल. आणि नाटक संपल्यावर फ्लेक्स तणसाच्या ढिगावर चढवण्याआधी कुणीतरी त्याचा एक फोटो तेवढा काढून ठेवावा.